वर्षावासात ऐकलेल्या दहा भूमी कुठे शिकायच्या?

परभणीहून बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन ऐकताना बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असलेल्याच्या, दहा अवस्था आल्या. त्या मुळात कुठून आल्या, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. याच मार्गाचा अभ्यास करायचाय, साधनं कुठे मिळतील, असं ती विचारते. आई म्हणते, बी.एड. कर.

सप्रेम जयभीम.

मुदिता (सूत्रात ‘प्रमुदिता’), विमला, प्रभाकरी अशा त्या दहा भूमी, म्हणजेच अवस्था, ‘दशभूमिक सूत्रा’त येतात, आणि ते सूत्र संस्कृतात आहे. आपल्याकडे बौद्ध अभ्यास म्हटलं की मुलं पाली घेतात. ते योग्यच आहे. जातकांत आणि बुद्धवंसात बोधिसत्त्व पालीतच भेटतो, पण तिथे तो मुख्यतः गौतमाच्या पूर्वजन्मांचा नायक. कुणीही पत्करावा असा मार्ग म्हणून त्याची सविस्तर मांडणी महायान या बौद्ध परंपरेने केली, आणि ते साहित्य संस्कृत, तिबेटी, चिनी भाषांत आहे. तेव्हा तुला पालीसोबत संस्कृत लागेलच. दोन्ही भाषा देवनागरीत वाचता येतात, ही मराठी माणसाची मोठी सोय आहे.

पदवी पूर्ण कर. मग छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, तिथे एम.ए. कर. संस्कृत मात्र आजपासूनच सुरू कर. पुढे तिबेटीची ओढ वाटली तर सारनाथची तिबेटी उच्च शिक्षण संस्था आहे, पण ती घाई आता नको.

वाचायला पैसे लागत नाहीत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली त्रिपिटक देवनागरीत इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेलं दशभूमिक सूत्र आणि शांतिदेवांचा बोधिचर्यावतार दरभंग्याच्या मिथिला संस्कृत संशोधन संस्थेने छापले. हे दोन्ही ग्रंथ ‘डिजिटल संस्कृत बौद्ध कॅनन’ या संकेतस्थळावर देवनागरीत मिळतात. सुरुवात बोधिचर्यावताराच्या क्षांतीवरच्या, म्हणजे सहनशीलतेवरच्या, सहाव्या प्रकरणापासून कर, भाषांतर शेजारी ठेवून. रागाचा इतका बारकाईने केलेला विचार मी फार कमी ठिकाणी वाचला आहे.

आणि लेणी बघ, वही घेऊन. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आग, जहाजफूट, सिंह, साप अशा आठ संकटांतून माणसांना सोडवताना कोरला आहे. त्याचंच रूप असलेला अजिंठ्याचा पद्मपाणी सगळे पाहतात, इथे फारसं कुणी थांबत नाही. असा अभ्यासविषय तुझ्या इतक्या जवळ आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता आईचं. तिची काळजी रास्त आहे. या विषयात प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच निघतात. नेट परीक्षेत पाली हा विषय आहे, शिवाय बौद्ध, जैन, गांधी आणि शांतता अध्ययन असाही एक आहे. ती तयारी एम.ए.सोबतच कर. त्यातून जागा मिळेलच असं नाही, म्हणून बी.एड.चा रस्ता मोकळा ठेव. शाळेत शिकवत संशोधन करता येतं.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करायला विभागात जाशील तेव्हा आईला सोबत ने. तिचे प्रश्न तिलाच विचारू दे.