गगनबावड्याला पहिल्यांदाच निघताना

मोटारसायकलवरच्या पहिल्याच प्रवासासाठी तुम्ही गगनबावड्याचा रस्ता निवडलात, हे उत्तम केलेत; कोल्हापूरहून अंतर सुमारे 55 किलोमीटर, आणि कळे, साळवण ओलांडताना कुंभी नदीचे खोरे व उसाची शिवारे सोबतीला असतात.

नवखे लोक सर्वाधिक चुकतात ते दिवस निवडताना. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांच्या ओढीने सगळेच निघतात, परंतु कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक थांबते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळीच रस्त्याची चौकशी करा आणि पाणी दिसल्यास खोली न आजमावता मागे फिरा. (मी एकदा फिरलो नाही, बंद पडलेली मोटारसायकल दोन किलोमीटर ढकलली.)

आणखी थोडेसे:

- गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही, त्यामुळे अंधारापूर्वी परता.
- गगनबावड्यापुढे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. पहिल्या खेपेस ते सोडा, गगनगड पाहा.
- दाट धुक्यात दिवा अपरवर (लांबच्या झोतावर) ठेवू नका. समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

पेट्रोल मात्र कोल्हापुरातच भरून घ्या. घाटात गिअर कसे वापरायचे, ते दुसऱ्या खेपेच्या वेळी सांगेन.