ड्रायव्हरविना छपाई: आधी पासबुकाची खिडकी तपासा

प्रश्न: आमच्या सहकारी पतसंस्थेच्या चौदा शाखा आहेत. प्रत्येक शाखेत दोन-तीन लेझर प्रिंटर असून खिडकीवर पासबुक छापण्याचा वेगळा प्रिंटर आहे. संगणकांवर आता विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आहे आणि लेखापरीक्षकांनी त्यातील ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ चालू करण्याची सूचना केली आहे. एका शाखेत तो चालू करताच पासबुक प्रिंटर यादीतूनच नाहीसा झाला. ही सूचना अमलात कशी आणावी?
– संगणक विभागप्रमुख, सांगली जिल्हा

उत्तर: तुमच्याकडे जे घडले तो बिघाड नाही, हा मोड तसाच घडवलेला आहे. तो चालू झाला की उत्पादक कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर, बाजूला होतात आणि आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) या छपाईच्या सर्वमान्य पद्धतीवर चालणारा विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर तेवढा उरतो. त्यामुळे मोप्रिया या प्रिंटर उद्योगातील संघटनेचे प्रमाणपत्र असलेले प्रिंटर चालू राहतात आणि इतर काढून टाकले जातात. मोड पुन्हा बंद केला तरी काढलेले प्रिंटर आपोआप परत येत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात, हे त्या शाखेतील कर्मचाऱ्यांना आजच सांगून ठेवा.

इतका कडक निर्णय का, हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोजमधील प्रिंट स्पूलर ही छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा संगणकावरील सर्वोच्च अधिकारांनिशी चालत आली आणि बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर तिच्यातच शिरून काम करीत. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमने याच स्पूलरमधील त्रुटीचा उपयोग करून घेतला होता. २०२१ च्या जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या स्पूलरमधील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. नव्या मोडमध्ये स्पूलरचे बरेचसे काम मर्यादित अधिकारांत होते आणि परका ड्रायव्हर त्यात येतच नाही. ज्या संगणकांवर सभासदांच्या ठेवींचा हिशेब असतो, तेथे ही सुरक्षितता हवीच, असे माझे ठाम मत आहे. म्हणून लेखापरीक्षकांची सूचना योग्यच आहे, परंतु ती सर्व संगणकांना एकाच दिवशी लावणे योग्य नाही.

सुरुवात कागदावर करा. प्रत्येक शाखेतील प्रत्येक प्रिंटरचे मॉडेल, तो यूएसबीने जोडला आहे की नेटवर्कने, कोणत्या ड्रायव्हरवर चालतो आणि त्यावर नेमके काय छापले जाते, अशी यादी करा. यातील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. मोप्रियाच्या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेलांची यादी मिळते. तिच्याशी ताडून पाहिल्यावर तुमचे बहुतेक अलीकडचे लेझर प्रिंटर त्यात सापडतील.

पासबुक प्रिंटर मात्र सापडणार नाही. ही यंत्रे डॉट मॅट्रिक्स जातीची असतात आणि बँकिंग सॉफ्टवेअर अनेकदा त्यांना अक्षरे व ओळींच्या आज्ञा थेट पाठवते, तर आयपीपीच्या वाटेने प्रिंटरकडे पानाचे तयार चित्र किंवा पीडीएफ जाते. शिवाय हा मोड संपूर्ण संगणकाला लागू होतो, एखादा प्रिंटर त्यातून वगळता येत नाही. म्हणून खिडकीवरच्या संगणकांचा ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नियमावलीत, वेगळा गट करून तेथे हा मोड तूर्त बंदच ठेवा. त्याऐवजी त्या संगणकांवर नको असलेले सर्व ड्रायव्हर काढून टाका, नवा ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार केवळ प्रशासकाकडे ठेवा आणि स्पूलरने बाहेरून येणारी जोडणी स्वीकारू नये यासाठीची पॉलिसी लावा. पासबुक प्रिंटर त्याच संगणकाला यूएसबीने जोडलेला असेल, तर त्याच्या छपाईत या पॉलिसीने खंड पडत नाही. हा अपवाद का ठेवला, याची लेखी नोंद लेखापरीक्षकांना द्या.

उरलेल्या संगणकांवर मोड चालू करण्याआधी एका शाखेत तेच लेझर प्रिंटर आयपीपीने नव्याने जोडून पाहा. त्यासाठी मोड चालू असण्याची गरज नसते. मराठीतील खातेउतारा, दोन्ही बाजूंची छपाई, छापील शीर्षकाच्या कागदाचा वेगळा ट्रे, हे सर्व प्रत्यक्ष कागदावर तपासा आणि किमान एक महिनाअखेर त्यातून पार पडू द्या. प्रिंटर वेगळ्या नेटवर्क विभागात असेल तर तो आपोआप दिसणार नाही, कारण त्याला शोधणारा संदेश सहसा त्या विभागाबाहेर जात नाही. अशा वेळी प्रिंटरचा पत्ता हाताने द्यावा लागतो आणि मधल्या फायरवॉलवर आयपीपीचे ६३१ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) मोकळे असावे लागते.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. संगणक सुरक्षित झाला तरी प्रिंटर उघडाच असू शकतो. त्याचे फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, छपाई आयपीपीएसवर, म्हणजे टीएलएसने सांकेतिक रूपात माहिती पाठवणाऱ्या आयपीपीवर न्या आणि सर्व संगणक स्थलांतरित झाल्यावर जुन्या पद्धतीच्या थेट छपाईचे ९१०० क्रमांकाचे पोर्ट बंद करा.

प्रश्न: आमच्या कार्यालयात पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर येत नाही आणि प्रत्येक छपाई विभागाच्या खात्यावर पडते. ड्रायव्हर गेला की या सोयीही जातील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जातीलच असे नाही. अशा खास सोयींसाठी उत्पादक कंपन्या आता ‘प्रिंट सपोर्ट ॲप’ देतात. ते ड्रायव्हरपासून वेगळे असते आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळते. तुमच्या मॉडेलसाठी ते उपलब्ध आहे का, आणि त्यात पिन व विभागवार नोंद या दोन्ही गोष्टी आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणात हीच अट घालता आली तर उत्तम. जेथे गोपनीय कागद छापले जातात, तेथे पिनची सोय प्रत्यक्ष चालताना पाहिल्याशिवाय जुना ड्रायव्हर काढू नका.