वाचकांचे प्रश्न: मधल्या न्हाणीतली वाफ बाहेर काढायची कशी?

प्रश्न: आमचं घर शहापुरात, जुनं, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढं सोपा, मग माजघर, त्याला लागून न्हाणी, मागं स्वयंपाकघर आणि परसू. न्हाणीला खिडकीच नाही, पावसाळ्यात छताला काळी बुरशी धरते. पाईप छताखालून परसात न्यायचा तर २० फूट होतो. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो साधा एक्झॉस्ट लावून पाईप जोडू, दुसरा म्हणतो इनलाईन डक्ट फॅनच घ्या. कुणाचं ऐकू? – एक वाचक, बेळगाव

उत्तर: दुसऱ्याचं. साधा एक्झॉस्ट भिंतीच्या भोकातून हवा ढकलायला ठीक आहे, पण पुढं २० फूट पाईप आला की त्याचा दम संपतो, फिरताना दिसतो, आवाजही करतो, वाफ मात्र आतच. इनलाईन फॅन पाईपच्या मधे बसतो आणि असा अडथळा गृहीत धरूनच बनवलेला असतो. फक्त दुकानात बूस्टर म्हणून स्वस्तातला देतील, ज्यात आत नुसती साधी पाती असतात, तो नको, मिक्स्ड फ्लो किंवा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे लांब पाईपातही जोर टिकवणारा, मागा.

साईजचं म्हणाल तर न्हाणी ६ बाय ५ आणि उंची ९ फूट धरली की २७० घनफूट झाले, तासाला १० वेळा हवा बदलायची तर ४५ सीएफएम (मिनिटाला ४५ घनफूट हवा) पुरतात. पण खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा पाईप न जोडता मोजलेला असतो, लांबी आणि वळणं त्यातलं बरंच खातात, म्हणून १०० च्या वरचा ४ इंची घ्या.

आता खरी गोम पाईपात आहे. घरात ३ इंची पाईप शिल्लक आहे म्हणून तोच जोडायचा मोह होईल, पण ४ वरून ३ इंचावर आलात की वाट ५६ टक्केच उरते. चकचकीत घड्यांचा पाईपही नको, लोकं तो ढिला सोडतात, मधे पोट सुटतं आणि त्यात पाणी साचतं. सरळ ४ इंची पीव्हीसी टाका, वळणं कमीत कमी, आणि उतार परसाकडं द्या म्हणजे वाफेचं पाणी बाहेर गळेल, न्हाणीत परत येणार नाही. फॅन न्हाणीच्या डोक्यावर नको, परसाकडच्या टोकाला भिंतीच्या आतल्या बाजूला बसवा, रबरी वायसरवर. आवाज लांब जातो, आणि घरातल्या पाईपाचा सांधा कुठं सुटलाच तर तो हवा आत ओढतो, वाफ छतात सोडत नाही. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप आणि पावसासाठी खाली वळलेला एल्बो लावाच, पाखरं घरटं करतात तिथं.

आणि दार! दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन ओढणार काय, कपाळ? दार लावून न्हाणीतल्या पाईपाच्या तोंडाच्या जाळीपाशी उदबत्ती धरा, धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. आंघोळीनंतरही १५-२० मिनिटं चालू राहू दे, टायमर लावलात तर बरं. बुरशी मात्र छताला न धरता भिंतीला खालून चढत असेल तर ती ओल आहे, त्याला फॅन काही करणार नाही, आधी प्लंबर बोलवा.

प्रश्न: हाच फॅन स्वयंपाकघरात चालेल का? न्हाणीत गॅस गिझर पण आहे. – वाचक, निपाणी

उत्तर: फोडणीच्या धुरासाठी नको. तेल पाईपात आणि मोटरवर बसतं, ते आग लागण्याचं निमित्त. तिथं गाळणीवाली चिमणीच हवी.

गिझरचं तर आधी करा, तो न्हाणीच्या बाहेर काढा. बंद खोलीत फॅन हवा ओढायला लागला की जळालेला गॅस उलटा आत येऊ शकतो, त्यातला कार्बन मोनॉक्साईड ना दिसतो ना वास येतो. फॅन आहे म्हणून गिझर आतच राहू दे, असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.