सभेची तारीख आणि नोटिशीचं काम

प्रश्न : मी डोंबिवलीतल्या २८ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव आहे. सोसायटीच्या सगळ्या तारखा गूगल कॅलेंडरवर टाकतो, त्या अध्यक्षांना आणि खजिनदारांनाही दिसतात. करायच्या कामांची यादी टुडुइस्टमध्ये ठेवतो. दिवाळीत मुलगा आला होता, त्याने दोन्ही ॲप झॅपियर या ॲप जोडून देणाऱ्या सेवेने जोडून दिली. कॅलेंडरवर नोंद केली की टुडुइस्टमध्ये काम तयार व्हावं आणि टुडुइस्टमध्ये काम लिहिलं की ते कॅलेंडरवर दिसावं, अशी ती जोडणी. एका रात्री ‘पाण्याची टाकी साफ करणे’ अशी एकच नोंद केली. सकाळी पाहतो तर तिच्या सतरा नोंदी! शिवाय इमारतीच्या विम्याची मुदत १४ ऑगस्टला संपते, पण काम १५ ऑगस्टला दिसतं. लिफ्टवाला सकाळी ७ ला येणार होता, ते काम पहाटे दीडला दिसलं. मला प्रोग्रामिंग येत नाही. हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं साधी आहेत आणि तिन्ही तुम्हाला स्वतःला दूर करता येतील. पण त्याआधी जोडणी कशासाठी करायची, याबद्दल थोडं बोलू.

मी आमच्या सोसायटीची पाच वर्षं सचिव होते. दुसऱ्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख दोन महिने आधीच कॅलेंडरवर टाकली होती. रोज दिसत होती. नोटीस काढायची आठवण झाली तेव्हा सभेला अकरा दिवस उरले होते. एका सभासदांनी १४ दिवसांचा नियम दाखवला आणि त्यांचं बरोबरच होतं. सभा पुढे ढकलावी लागली. एक काकू खास त्या रविवारसाठी लेकीकडून परत आल्या होत्या, त्यांचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी एक पक्कं धरलंय : कॅलेंडरवरची नोंद जशीच्या तशी कामांच्या यादीत उतरवून काही हाती लागत नाही. यादीत यायला हवी ती त्या तारखेआधीची तयारी, आणि ती वेळेवर यायला हवी. कॅलेंडरची माहिती एका ॲपमधून दुसऱ्यात ज्या आयकॅलेंडर मानकाने जाते, ते १९९८ मध्ये आलं. त्यातही घटना आणि करायचं काम हे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. ते उगाच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, टुडुइस्टकडून कॅलेंडरकडे जाणारा झॅप, म्हणजे झॅपियरमधली ती जोडणी, आजच बंद करा. सतरा नोंदी त्याच्यामुळेच झाल्या. तुम्ही नोंद केलीत, तिचं काम तयार झालं. ते काम नवीन दिसलं म्हणून दुसऱ्या झॅपने त्याची कॅलेंडरवर नोंद केली. ती नोंद पहिल्या झॅपला पुन्हा नवीन वाटली. झॅपियरच्या मोफत योजनेत दर १५ मिनिटांनी तपासणी होते, म्हणजे तुम्ही झोपेत असताना हे चक्र रात्रभर फिरत राहिलं. त्या योजनेत महिन्याला १०० कृती, म्हणजे झॅपने आपोआप केलेली कामं, मिळतात, त्यातल्या बऱ्याच यात खर्ची पडल्या असणार. जोडणी एकाच दिशेची ठेवा, कॅलेंडरकडून यादीकडे.

आता उरलेला झॅप उघडा. त्यात ट्रिगर म्हणून (म्हणजे झॅप कशावरून सुरू व्हायचा ते) ‘न्यू इव्हेंट’ निवडलेला असेल. तो बदलून ‘इव्हेंट स्टार्ट’ घ्या. ‘न्यू इव्हेंट’ तुम्ही नोंद करता तेव्हा चालतो. ‘इव्हेंट स्टार्ट’ घटना जवळ आली की चालतो, आणि किती आधी चालायचं ते तुम्ही ठरवता. तिथे ‘टाइम बिफोर’ असा रकाना आहे, त्यात २१ दिवस घाला. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधीची लागते. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. मजकूर, छपाई आणि घरोघरी सह्या घेणं यांना हाताशी सहा दिवस राहतात. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, हे तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी किंवा सहा महिन्यांनी येणाऱ्या नोंदींनाही हाच ट्रिगर बरा. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती सुस्थितीत असल्याचा दाखला, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. ती नोंद तुम्ही एकदाच केलेली असणार, आणि आठवण मात्र दर खेपेला हवी.

टाकी साफ करण्यासाठी २१ दिवस कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. मोफत योजनेत एका झॅपमध्ये ट्रिगर आणि त्यावरची कृती अशा दोनच पायऱ्या बसतात, त्यामुळे अटी घालत बसू नका. गूगलवर दोन कॅलेंडरं करा, ‘सोसायटी – मोठी कामं’ आणि ‘सोसायटी – नेहमीची’. पहिल्याला २१ दिवसांचा झॅप, दुसऱ्याला दोन दिवसांचा. नोंद करताना योग्य कॅलेंडर निवडलंत की झालं.

यातली मला सर्वांत आवडती सोय म्हणजे नोंदीखालचा वर्णनाचा रकाना. सभेच्या नोंदीत मी तिथे लिहायचे : ‘विषयपत्रिका अध्यक्षांना दाखवणे. लेखापरीक्षण अहवालाच्या प्रती. मागच्या सभेचं इतिवृत्त. हॉल आणि खुर्च्या. बाहेरगावच्या सभासदांना ईमेल.’ झॅपच्या दुसऱ्या पायरीत हे वर्णन टुडुइस्टच्या टिपेच्या रकान्याला जोडा. म्हणजे २१ दिवस आधी नुसतं ‘सभा’ एवढंच न येता पूर्ण यादी तुमच्यासमोर येते. कामाच्या मुदतीत सभेची तारीख घालू नका, ‘आजपासून तीन दिवस’ अशी घाला. हे शब्द इंग्रजीतच लिहा, टुडुइस्टला मराठीतली तारीख कळत नाही.

विम्याचं काम एक दिवस पुढे का गेलं? ती नोंद दिवसभराची आहे. गूगल कॅलेंडर अशा नोंदीचा शेवट आतून दुसऱ्या दिवसाच्या तारखेने लिहितं, म्हणून १४ ऑगस्टच्या नोंदीचा शेवट १५ ऑगस्ट. तुमच्या झॅपमध्ये मुदतीसाठी शेवटाची तारीख जोडली गेली आहे. जिथे नोंदीची तारीख वापराल तिथे सुरुवातीची घ्या. पहाटे दीडचं कारण त्याहून सोपं आहे. सात आणि दीड यांत साडेपाच तासांचं अंतर, म्हणजे भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतलं अंतर. झॅपियरच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ निवडा, टुडुइस्टमध्येही तेच आहे ना ते पाहा.

दोन गोष्टी मात्र हातानेच कराव्या लागतील. काम तयार झाल्यावर सभेची तारीख बदलली तर टुडुइस्टमधलं काम आपोआप हलत नाही. आणि ऐन वेळी ठरलेल्या तातडीच्या सभेसाठी या जोडणीवर विसंबू नका, काम थेट यादीत लिहा.

कुणी तुम्हाला झॅपियरऐवजी ‘मेक’ ही तशीच सेवा वापरा असं सुचवेल. चांगलं साधन आहे आणि मोफत योजनेत महिन्याला वापराची १००० एककं देतं. पण तिथे नवीन काही सापडलं नाही तरी प्रत्येक तपासणी एक एकक खाते. दर १५ मिनिटांनी तपासायला लावलंत तर दिवसाला ९६, म्हणजे अकराव्या दिवशी कोटा संपला. दिवसातून एकदाच सकाळी तपासायला लावा, तुमच्या कामाला तेवढं भरपूर आहे.

आणि कृपा करून हे सगळं तुमच्या खाजगी खात्यावर ठेवू नका. सोसायटीच्या नावाने ईमेल खातं उघडा, जोडणी त्यावर करा. पुढचा सचिव आला की दप्तर आणि शिक्क्याबरोबर तेही त्याच्या हाती द्या. तुमच्या स्वतःच्या गूगल खात्यात, सुरक्षेच्या पानावर, बाहेरच्या ॲपना दिलेल्या परवानग्यांची यादी असते. तिथून झॅपियरची परवानगी काढून टाका.

प्रश्न : मी नाशिकला तबल्याच्या शिकवण्या घेते. झॅपियरने कॅलेंडरवरून गूगल टास्क्समध्ये काम येतं, पण वेळ येत नाही, फक्त तारीख येते. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाही, ताई. तुम्ही स्वतः फोनवर गूगल टास्क्समध्ये वेळ लिहू शकता, पण बाहेरच्या ॲपसाठी गूगलने जो दरवाजा ठेवलाय त्यातून फक्त तारीख आत जाते, वेळ गाळली जाते. कितीही झॅप बदललेत तरी हेच होणार. दुसऱ्या पायरीत कामाच्या नावाआधी सुरुवातीची वेळ जोडा, म्हणजे ‘सायं. ५:३० – कायदा, दुसरी तुकडी’ असं दिसेल. वेळेवर फोन वाजायलाच हवा असेल, तर त्यासाठी कॅलेंडरचीच सूचना १० मिनिटं आधी लावून ठेवा.