फुकटच्या क्लीनरसोबत नको ती सॉफ्टवेअर आली आणि अपडेट बंद करूनही होतच राहतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप हळू चालायला लागला म्हणून एक फुकट क्लीनर टाकलं. त्याच्या मागोमाग एक नवा ब्राउझर आणि दुसरा अँटिव्हायरस आला, जे तुम्ही मागितलेच नव्हते. नंतर क्लीनरच्या सेटिंगमध्ये जाऊन अपडेट बंद केले, तरी काही दिवसांनी नवी आवृत्ती आपोआप बसलेली दिसली. हे अपडेट कायमचे कसे रोखायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हीच तक्रार घेऊन येणारी मशीन मी सतत बघतो. माझं सरळ मत सांगतो: अपडेट रोखण्याच्या मागे लागू नका, ते क्लीनरच काढून टाका. ज्या कंपनीवर विश्वास नाही तिचं सॉफ्टवेअर मशीनवर ठेवून फक्त अपडेट बंद करणं हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा आहे. तो का, ते पुढे सांगतो. आधी हे सगळं आत शिरतं कसं ते बघा, नाहीतर आज काढाल आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून तेच परत येईल.

अशा सॉफ्टवेअरची इन्स्टॉल करतानाची पहिली खिडकी नीट बघा. मध्यभागी मोठं, रंगीत ‘इन्स्टॉल’ बटण असतं. त्याच्या खाली किंवा कोपऱ्यात, पार्श्वभूमीत जवळजवळ मिसळून जाईल अशा करड्या बारीक अक्षरांत ‘कस्टमाइझ’ लिहिलेलं असतं, आणि आणखी एका ओळीपुढे आधीच टिक केलेली असते: अमुक ब्राउझर बसवा, तो डीफॉल्ट करा. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात करारासारखा मजकूर येतो आणि खाली ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’ अशी दोन बटणं असतात. आपण म्हणतो, नेहमीचं लायसन्स असेल, आणि ॲक्सेप्ट दाबतो. प्रत्यक्षात तो करार दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा असतो. डिक्लाइन केलं तर मूळ सॉफ्टवेअर बसणारच नाही अशी भीती वाटते, पण ते बसतं. पाहुणं सॉफ्टवेअर तेवढं येत नाही.

ही मांडणी चुकून झालेली नसते. प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर आढळले. नको असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल गूगलची सेफ ब्राउझिंग यंत्रणा तेव्हा आठवड्याला ६ कोटींहून जास्त इशारे देत होती, म्हणजे व्हायरस-मालवेअरच्या इशाऱ्यांच्या तिप्पट. तुम्ही फुकट वापरताय त्या क्लीनरचा पगार हा असा निघतो.

आणि हे फक्त कुठल्यातरी अनोळखी कंपन्या करतात असं नाही. ओरॅकल कंपनीच्या जावासोबत (काही प्रोग्राम चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) कित्येक वर्षं आस्क टूलबार, म्हणजे ब्राउझरमध्ये बसणारी शोधपट्टी, यायचा. २०१३ च्या सुरुवातीला उघड झालं की जावा बसवल्यावर टूलबारचा इन्स्टॉलर १० मिनिटं गप्प थांबायचा आणि मग काम सुरू करायचा. म्हणजे तुम्ही शंका येऊन लगेच कंट्रोल पॅनेल उघडलं तर यादी स्वच्छ दिसणार. ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरचं माहेरघर मानलं जाणाऱ्या सोर्सफोर्जनेही २०१३ मध्ये इन्स्टॉलरसोबत जाहिरातींची सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली, आणि गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीवाल्यांनी त्याच वर्षी तिथून मुक्काम हलवला. सोर्सफोर्जची मालकी २०१६ मध्ये बदलली आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला, हेही सांगायला हवं.

तुम्ही तुमच्या क्लीनरचं नाव दिलेलं नाही, म्हणून ज्याची माहिती सगळ्यात जास्त जाहीर आहे ते उदाहरण घेतो: सीक्लीनर. पिरिफॉर्म या लंडनच्या छोट्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००४ पासूनचं, आणि एके काळी खरोखर चांगलं. जुलै २०१७ मध्ये पिरिफॉर्मला अवास्ट या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी अवास्टने एव्हीजी ही दुसरी अँटिव्हायरस कंपनी घेतली होती. पुढे २०२२ मध्ये अवास्ट आणि नॉर्टन एकत्र होऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. म्हणजे क्लीनर आणि अँटिव्हायरस एकाच घरचे झाले. क्लीनरसोबत नेमका एखाद्या ठरावीक कंपनीचाच अँटिव्हायरस का येतो, याचं उत्तर बऱ्याचदा अशा मालकीत सापडतं. जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने सीक्लीनरच्या फुकट आवृत्तीच्या काही इन्स्टॉलरना ‘नको असू शकेल असं सॉफ्टवेअर’ या यादीत टाकलं होतं. कारण हेच दिलं होतं: त्यासोबत येणारी दुसरी सॉफ्टवेअर.

आता अपडेटकडे येतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात सीक्लीनरची ५.४५ आवृत्ती आली. तिच्यात मशीनवर लक्ष ठेवणारा भाग आणि माहिती पाठवणारा भाग नीट बंदच करता येत नव्हता. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने ती मागे घेतली. मग सप्टेंबरमध्ये ज्यांनी अपडेट बंद केले होते त्यांच्यापैकी अनेकांच्या मशीनवर ५.४६ आपोआप बसली. कंपनीचं म्हणणं होतं की कायद्याच्या अटी पाळण्यासाठी आणि लोकांना प्रायव्हसीच्या सेटिंगवर जास्त ताबा देण्यासाठी हे केलं. ताबा देण्यासाठी ताबा काढून घेणं मला मान्य नाही. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते: ‘अपडेट बंद’ ही खूण त्या सॉफ्टवेअरच्या आतली आहे, आणि ती पाळायची की नाही हे तेच सॉफ्टवेअर ठरवतं. ते प्रशासकाच्या अधिकाराने चालत असेल तर तुम्ही केलेल्या त्या खुणेला तेवढीच किंमत आहे, जेवढी ते द्यायला तयार आहे.

मग फायरवॉलमधून (इंटरनेटची ये-जा रोखणारा पहारा) त्याची वाट अडवावी का? तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण २०१७ सालच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला. त्यासाठीचा पॅच, म्हणजे ती फट बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, आणि ज्यांनी तो घेतला नाही ते सापडले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीक्लीनरची ५.३३ आवृत्ती आली. कंपनीच्याच सर्व्हरवरून आणि कंपनीच्याच खऱ्या डिजिटल सहीनिशी आलेल्या त्या आवृत्तीत हल्लेखोरांनी मशीनमध्ये गुपचूप शिरायचं मागचं दार घातलेलं होतं. १८ सप्टेंबरला हे जाहीर होईपर्यंत ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली होती. हल्लेखोरांचा खरा रोख मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता आणि पुढच्या टप्प्याचा घातक भाग मोजक्याच मशीनवर उतरवला गेला. पण दार सगळ्यांकडे उघडलं होतं. एकीकडे अपडेट न घेणारे अडकले, दुसरीकडे घेणारे.

म्हणून मी दुकानात लोकांना सांगतो की अपडेट चालू की बंद, हा प्रश्न शेवटी येतो. तुमच्या मशीनवर हवं ते, हवं तेव्हा बसवण्याचा अधिकार किती कंपन्यांच्या हातात आहे, हे आधी मोजा. विंडोज, ब्राउझर, रोजच्या कामाची चार सॉफ्टवेअर यांना तो द्यावाच लागतो, आणि त्यांचे अपडेट चालूच ठेवावेत. क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, ‘पीसी बूस्टर’ यांना तो देण्याचं काहीही कारण नाही. रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग साठवतं ती नोंदवही) साफ करणारे क्लीनर वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, त्यातून बिघाड झाल्यास ते जबाबदारी घेत नाहीत. रजिस्ट्रीतल्या हजारभर नोंदी उडवल्याने मशीन जाणवण्याइतकं वेगवान झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. विंडोजच न उठणं मात्र पाहिलंय.

काढताना हा क्रम ठेवा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि ती इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी क्लीनर आलं त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवशीची सगळी नावं एकत्र दिसतील. तुमचे न बोलावलेले पाहुणे तिथेच असतात. क्लीनर आणि ब्राउझर तिथूनच काढा. अँटिव्हायरसच्या बाबतीत घाई करू नका. त्याचं फोल्डर हाताने कधीच डिलीट करू नका, कारण त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या खोलवर बसलेले असतात. आधी नेहमीसारखं अनइन्स्टॉल करा, आणि ते अर्धवट राहिलं तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर मिळणारं काढण्याचं खास टूल सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींनिशी सुरू होतं तो मोड) चालवा. तो गेल्यावर मशीन रीस्टार्ट केलं की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पुन्हा कामाला लागतो. तो चालू झालाय ना, हे विंडोज सिक्युरिटीत जाऊन डोळ्यांनी बघून घ्या. घरगुती वापराला तो पुरतो.

इथे बरेच जण थांबतात, आणि उरलेलं तिथेच राहतं. ठरलेल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारं विंडोजमधलं टास्क शेड्यूलर उघडा. डाव्या बाजूच्या लायब्ररीवर क्लिक केलंत की उजवीकडे नावं दिसतील. त्या क्लीनरच्या नावाचं ‘अपडेट’ असलेलं काम तिथे उरलं असेल तर ते डिलीट करा. तुम्ही सेटिंग बंद करूनही होणारी अपडेट बऱ्याचदा याच ठिकाणाहून सुटतात. मग टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन, आणि ब्राउझरच्या सेटिंगमधली नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले’ असं जे उगवत राहतं, ते बहुतेक वेळा या यादीतल्या एखाद्या वेबसाइटचं काम असतं, आणि परवानगी काढली की जागच्या जागी थांबतं. शेवटी मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घेऊन एकदा चालवा. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. काम झालं की फाइल डिलीट करा.

पुढच्यासाठी एक सेटिंग आजच करा. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’, आणि त्यात ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’. त्यातले ॲप्स आणि डाउनलोड हे दोन्ही चौकोन टिक केलेले हवेत. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीपासून मायक्रोसॉफ्टने हे आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, पण माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनवर ते बंद सापडतं.

क्लीनरच्या कामाचं काय, असं विचाराल. टेम्पररी फाइल आणि रिसायकल बिन साफ करायला विंडोजमध्येच स्टोरेज सेन्स आहे, तो महिन्याला एकदा लावून ठेवा. व्हीएलसी, सेव्हन-झिपसारखी सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर ‘जाहिरात’ म्हणून दिसणाऱ्या लिंकवरून नको. कमांड लिहायला हरकत नसेल तर विंडोजमधलं विनगेट शिका, एका ओळीत मूळ इन्स्टॉलर आणतं आणि सगळ्यांचे अपडेट एकाच ठिकाणाहून, तुम्ही सांगाल तेव्हा करतं. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हे विशेष उपयोगी.

मराठी टायपिंगबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे हा कचरा शिरण्याची ती एक मोठी वाट आहे. विंडोजवर ऑफलाइन चालणारं गूगलचं इनपुट टूल्स आपल्याकडे घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत, ग्रामपंचायतीत होतं. गूगलने त्याचं डाउनलोड बंद केलं, पण लोक नाव घेऊन ते शोधतच राहिले. मग अनोळखी वेबसाइटवर तीन-तीन हिरवी डाउनलोड बटणं येतात. त्यातलं एखादं दाबलं की टायपिंगच्या टूलऐवजी आधी एक ‘डाउनलोड मॅनेजर’ उतरतो, आणि तो स्वतःसोबत काय काय आणेल याचा नेम नसतो. दाखले-अर्ज टाइप करून पोट भरणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं अख्खं मशीन यामुळे दोन दिवस माझ्याकडे पडून होतं. याची आता गरजच उरलेली नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घाला, तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडा, आणि इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरीत उमटतं.

राहिला तुमचा हळू चालणारा लॅपटॉप, जिथून हे सगळं सुरू झालं. वरचं सगळं काढल्यावर, विशेषतः दुसरा अँटिव्हायरस गेल्यावर, थोडा फरक पडेलच. तरीही हळू असेल तर लॅपटॉप चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा. काही न करता तो बराच वेळ १०० टक्क्यांना टेकलेला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून घ्या. रॅम ४ जीबी असेल आणि मेमरीचा आकडा सतत भरलेला दिसत असेल तर ती ८ करा. दोन्ही कामं कुठलाही ओळखीचा दुरुस्तीवाला एका दिवसात करून देतो. मॉडेल नंबर इथे लिहिलात तर त्यात रॅम वाढवायला जागा आहे का, तेही बघून सांगेन.