चादरीखालचे दोन तास

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. चौदाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. मार्क चांगले आहेत. अशी मुलं कॉम्प्युटरमध्ये हुशार असतात म्हणून तिला इंजिनिअरिंगला घालतोय. मुलाखतीत काही कळू नये, यासाठी तिची तयारी कशी करून घ्यावी? – एक वडील

उत्तर : तुमच्या तीन पानी पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. ‘शाळेतून आली की डोक्यावर चादर घेऊन कोपऱ्यात दोन-दोन तास बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. हे लाड कसे मोडायचे?’

अहो, लाड कसले! तुम्ही शिकवलंत म्हणून ती दिवसभर नजरेला नजर देते, हात हलू नयेत म्हणून मुठी आवळते, बाकीचे हसले की हसते. चादरीखाली गेल्यावर कुठे तिच्या मुठी सुटतात. दिवसभराच्या त्या सोंगाला मास्किंग म्हणतात. ते सतत करावं लागणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं. मुलींमध्ये ते जास्त दिसतं, निदान उशिरा होण्याचं तेही एक कारण. तेच तुम्हाला आता मुलाखतीत आणि मग आयुष्यभर नोकरीत हवंय. ही तयारी मी करून घेणार नाही.

‘आमच्यामागे हिचं कसं होणार’ ही तुमची धास्ती मला समजते. पण ‘हा आवाज मला सोसत नाही, पाच मिनिटं बाहेर जाते’ एवढं म्हणायची मुभा तिला घरातच नसेल, तर परक्या ऑफिसात ती कोणाच्या भरवशावर म्हणेल?

आता कॉम्प्युटरचं. ऑटिझम म्हणजे अचाट बुद्धी, हा समज १९८८च्या ‘रेन मॅन’ सिनेमाने घरोघरी नेला. ज्याच्यावरून त्यातलं ऑटिझम असलेलं पात्र सुचलं, त्या किम पीकला हजारो पुस्तकं पाठ होती, पण शर्टाची बटणं लावता येत नव्हती. शिवाय त्याला ऑटिझम नसावाच, असं तज्ज्ञांचं नंतरचं मत. अशी विलक्षण देणगी ऑटिझम असलेल्या थोड्याच जणांकडे असते. ऑटिझम असलेल्या अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन जवळजवळ चार वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, त्या पशुविज्ञानाच्या. जनावरं कशाने बुजतात हे त्यांना दिसायचं.

परीक्षेसाठी जादा वेळ आणि शांत खोली मिळते का, ते शाळेत आत्ताच विचारा.

आणि तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली एक गोष्ट. शाळेच्या सूचनापत्रकातल्या चुका ती लाल पेनने सुधारून शिक्षकांना परत देते, म्हणून तुम्ही तिला रागावलात. मुद्रितशोधन हे पोटापाण्याचं काम आहे, आणि अशी नजर शिकवून येत नाही. सुट्टीत एखाद्या प्रकाशकाकडे रोज दोन तास बसू दे. आवडलं नाही तर सोडून देईल.

अख्ख्या पत्रात तिला काय हवंय हे कुठेच नाही. विचारा. बोलणं जड जात असेल तर लिहून देईल, आठवडाही लावेल. तोवर ती शाळेतून आली की त्या कोपऱ्यातला दिवा मालवा, आणि हाक मारू नका.