वाचकांचे प्रश्न : शनिवार पेठेतल्या छोट्या घरात जपण्यासारखे काय आहे?

प्रश्न : शनिवार पेठेत आमचे दुमजली घर आहे. वाडा म्हणावे एवढे ते मोठे नाही. पुढे ओटा, मग ओसरी, मध्ये लहानसा चौक, चौकात फरशी टाकून झाकलेला हौद आणि वर माडी. आजेसासऱ्यांनी ते विकत घेतले, त्याआधीचे काही माहीत नाही. पानशेतच्या पुरात पाणी माडीला टेकले होते, मागची भिंत पडली पण घर उभे राहिले, असे सासूबाई सांगत. ती भिंत पुढे सिमेंटने बांधली, तिथे आता कायम ओल असते. ओसरीच्या एका खांबाला मध्येच चौकोनी खाच आहे, तिच्यात काहीच बसवलेले नाही. खाली दोन भाडेकरू आहेत. दीर आणि बिल्डर म्हणतात, "इथे कुणी थोर माणूस राहिला नाही, महापालिकेच्या यादीत नाव नाही, मग जपायचे काय?" या घराला खरेच वारसामूल्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आहे. आणि ते तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे.

आधी पुराचे बघू. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांमधली मातीची घरे पाण्यात विरघळली. तुमची भिंत पडूनही घर का टिकले? कारण छपराचा आणि माडीचा भार भिंतीवर नव्हताच. तो खांब आणि तुळयांवर होता. भिंत नुसती खणांमध्ये, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, भरलेली. पुण्याच्या सुतारांची ही सागवानी सांगाड्याची रीत मोठ्या वाड्यांतही दिसते, पण तिथे नक्षी, कमानी आणि झुंबरे डोळ्यांत भरतात. तुमच्यासारख्या घरात ती रीत उघडी दिसते. शिकायला आलेल्या मुलांना मी अशीच घरे दाखवते.

आता ती रिकामी खाच. अशी खाच एखाद्या तुळईचे टोक बसवण्यासाठी कोरतात. इथे तिच्यात काही बसलेलेच नसेल, तर बहुधा तो खांब आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात उभा होता. सागवान महाग, उतरवलेल्या वाड्याचे लाकूड नव्या घराला लावायची पद्धत पेठांमध्ये सर्रास होती. म्हणजे तुमचे घर शंभर-सव्वाशे वर्षांचे निघाले, तरी त्यातले लाकूड त्याहून जुने असू शकते. छपरावर मंगलोरी कौले असतील तर एक काढून पाठ बघा. कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला पहिला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, त्यामुळे ते छप्पर त्यानंतरचे, एवढे तरी पक्के होते.

हौदावरची फरशी मात्र जाणत्या माणसासमोरच उचला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले आणि ते शनिवारवाड्यापर्यंत जात होते. तुमच्या हौदात बाजूने नळाचे तोंड उघडते का, हे बघण्यासारखे आहे. तसे तोंड सापडले तर बुजवू नका, मोजून फोटो काढून ठेवा.

थोर माणसाबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. याहून मोठी घटना कुठल्या घरात घडायची? तरी ती वास्तू मोडकळीला येईपर्यंत तशीच राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावी लागली. घराचे मोल फक्त नावावर ठरवले की नाव जपले जाते, घर जाते. याची मला फार खंत वाटते. ओटा, ओसरी, माजघर, चौक, माडी अशा क्रमाने साधी माणसे कशी राहत होती, पाहुणा कुठे थांबे, बायका कुठे बसत, हे आता मोजक्याच घरांत पावलांनी चालून कळते. तुमचे घर त्यांपैकी एक आहे.

कायद्याचे थोडक्यात. यादीत नाव नाही म्हणजे हेरिटेजचे बंधन नाही, आणि हेरिटेजचा टीडीआरही, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सवलतही, नाही. नाव घालावे म्हणून महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडे अर्ज करता येतो. पण त्याआधी शनिवारवाड्यापासूनचे अंतर मोजून घ्या. तो केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. पुढच्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामालाही परवानगी लागते. बिल्डरने याबद्दल काय सांगितले, ते दिरांना जरूर विचारा. पाडलेल्या जागी काही उभेच राहणार नसेल, तर सगळा हिशेबच बदलतो.

सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, बघा. आजेसासऱ्यांनी कुणाकडून घेतले ते तिथे मिळायची शक्यता आहे. भाडेकरूंना सुरुवातीपासून बरोबर घ्या.

आणि ती ओल. सिमेंटच्या गिलाव्यातून भिंतीतले पाणी बाहेर पडू शकत नाही, ते आत साठते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजवते. गिलावा उतरवून चुन्याचा करा. तुळयांची टोके आणि तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, टेकलेले खांबांचे बूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत मऊ लागले तर तेवढाच भाग कापून नवा सागवानी तुकडा सांधता येतो, अख्खा खांब बदलायची गरज नसते. हे काम पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे. मागच्या भिंतीचे आणि त्या खांबाचे फोटो पाठवलेत, तर गिलावा कुठून कुठपर्यंत काढायचा ते पुढच्या अंकात सविस्तर सांगेन.